फितूर

तिघं एका गाडीवर, चौथा मागनं पळत,
पोरं आली दिवेलागणीला.
"डिगूमामा, तालमीसमोरची भिंत. एकच शब्द. लाल.
पलीकडच्या पेठेतनं वाचता यायला पायजे."
दोनशे आगाऊ. दीडशे काम झाल्यावर.

शब्द सुकुमारसाठी होता.
सात वर्षं आमच्या तालमीकडनं
डाव्या बगलेनं पळालेला पोरगा,
यंदा सीझनच्या तोंडावर
पलीकडच्यांचा शर्ट घालून फोटोत उभा.
हसत नव्हता,
पण उभा होता.

सकाळी चुना कालवला.
कालवता कालवता शब्द तोंडात घोळवला.
तसा ओळखीचाच.
शाळेत, किल्ला पडायच्या आदल्या पानावर
हमखास भेटायचा.
कसबा बावड्याच्या कोर्टात भेटला,
मेव्हण्याच्या मारामारीच्या केसला:
साक्षीदार म्हणाला, "अंधार होता साहेब,"
आणि लाइट तर म्युनिसिपालटीचा चांगला लखलखत होता.
वकील फाईल मिटत म्हणाला, फितूर झाला.
दूध संघाच्या निवडणुकीला तर
फितूर होऊ नयेत म्हणून
ठरावधारक बारा दिवस गोव्यात ठेवलेले.
आले ते काळवंडून, मासे खाऊन,
आणि व्हायचं ते होऊनच.

दस्तगीर पेंटर, माझे उस्ताद,
ब्रश केरोसीनमध्ये बुडवत एकदा म्हणाले होते,
"आमच्या जुन्या किताबात हा शब्द वेगळाच हाय रे.
फुतूर. म्हंजे ढिलेपणा.
ताणलेली दोरी सैल पडती बघ, तसं."
मी विचारलं, मग गद्दारी कुठनं आली त्यात?
म्हणाले, "ती तुमच्याकडं येऊन शिकला."
आणि खोकत हसले.

दोरी.
सैल कुठल्या टोकानं पडते, हे दोरीला बघून कळत नाही.
सुकुमारची आई सीपीआरमध्ये एकवीस दिवस होती.
तालमीतनं एक जण गेला, शहाळं घेऊन,
आणि सेमीफायनलला येशील न्हवं, विचारून आला.
पलीकडच्यांनी काय केलं मला ठाऊक नाही.
कोण म्हणतं ऑपरेशनचं बिल, कोण म्हणतं नोकरी,
कोण म्हणतं नुसतेच येऊन बसायचे,
रात्रपाळीनं, आळीपाळीनं.

आणि माझं विचाराल
तर फ्लेक्स आला तेव्हा
सगळं गाव एका गणेशोत्सवात त्या मशीनकडं गेलं.
तालीमही गेली.
मी कुणाला काही म्हटलं नाही.
म्हणायला शब्द होता,
भिंत नव्हती.

आता होती. बारा बाय आठ, पांढरी, कोरडी.
उस्तादांची शिकवण: तीन अक्षरी शब्द असला
तर मधलं अक्षर आधी काढायचं,
म्हणजे दोन्ही बाजूला जागा सारखी ऱ्हाती.
दोरा मारला, मध्य काढला,
शिडीवर चढून मधलं अक्षर भरलं.
दीर्घ उकार चांगला लपेटदार आला,
बऱ्याच वर्षांनी हात असा चालला.
खाली उतरलो, चार पावलं मागं सरलो,
आणि बघितलं.

तू.

एवढंच. माणसाएवढं उंच. लाल, ओलं.

दूधवाला थांबला, वाचला, किटली सावरत निघून गेला.
तालमीचा अध्यक्ष दात घासत गॅलरीत आला,
त्यानंही वाचलं,
आणि ब्रश तोंडातच राहिला बराच वेळ.
शाळेची पोरं एकमेकांकडं बोट करत ओरडली,
तू! न्हाई, तू!

मी म्हटलं, चहा पिऊन येतो.
ही गोष्ट मंगळवारची. आज शनिवार.
भिंत तशीच आहे.
पोरं दुकानावर आली नाहीत,
दीडशे मी मागितले नाहीत,
दोनशे मात्र खर्च झाले, बायकोच्या चष्म्याला.

काम घेतलं, पैसे खाल्ले, अर्ध्यात पाय काढला:
असल्या माणसाला काय म्हणतात
ते मला चांगलं ठाऊक आहे.
मधलं अक्षर तर
मीच काढलंय.